माद्रिद ते व्हिएन्ना: बालयुवराजांच्या चित्रांमागे सहा दिवस

स्पेनचा राजा चौथा फेलिपे याच्या घरी मूल झालं, की त्याचं चित्र काढून घ्यायची घाई असे. मूल जगेल याचा भरवसा नव्हता. लेकीसुना मात्र पिढ्यान्‌पिढ्या व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्यातच दिल्या-आणल्या जात. तिकडच्यांना मूल कसं आहे, उभं राहतं का, रंगरूप कुणावर गेलंय, हे कळायला हवं असे, आणि ते कळायचं साधन म्हणजे चित्र. म्हणून ही चित्रं ज्या दिशेनं गेली त्याच दिशेनं हा प्रवास करावा असं आमचं ठाम मत आहे. आधी माद्रिद, मग व्हिएन्ना. उलटा केला तर व्हिएन्नातली चित्रं नुसती गोड मुलांची चित्रं वाटतात.

दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यानं एकच व्हिसा पुरतो. या आखणीत चार रात्री माद्रिदला आणि दोन व्हिएन्नाला आहेत, त्यामुळे अर्ज स्पेनकडे करायचा. जिथे जास्त रात्री, तिथे अर्ज. माद्रिदमधला पहिला दिवस मंगळवार ठेवा. माद्रिदचा देस्काल्सास रेआलेस मठ आणि शहराबाहेरचा, राजघराण्याच्या समाध्या असलेला एल एस्कोरियाल मठ सोमवारी बंद असतात, व्हिएन्नाचं कलासंग्रहालयही वर्षाचा बराच काळ सोमवारी बंद असतं.

सोबत दोन मीटरवरची वस्तूसुद्धा स्पष्ट दाखवणारी छोटी दुर्बीण, वही, पेन्सिल आणि एका कार्डावर चौथ्या फेलिपेच्या मुलांच्या या तारखा हव्यात: बाल्तासार कार्लोस, जन्म १७ ऑक्टोबर १६२९, मृत्यू ९ ऑक्टोबर १६४६. मारिया तेरेसा, जन्म १६३८. मार्गारिता, जन्म १२ जुलै १६५१. फेलिपे प्रोस्पेरो, जन्म २८ नोव्हेंबर १६५७, मृत्यू १ नोव्हेंबर १६६१. कार्लोस, जन्म ६ नोव्हेंबर १६६१. शेवटच्या दोन तारखा पुन्हा वाचा. एक युवराज गेला आणि पाच दिवसांनी दुसरा जन्मला.

प्रत्येक चित्रासमोर तीन प्रश्न विचारायचे. चित्रातलं मूल तेव्हा किती वर्षांचं होतं? चित्र कुणी पाहावं म्हणून काढलं? ते टांगलं कुठे होतं? तिसरा प्रश्न सगळे विसरतात, आणि तिथेच फसतात.

पहिला दिवस, मंगळवार: देस्काल्सास मठ आणि राजवाडा

देस्काल्सास रेआलेस सोल चौकापासून पाच-सात मिनिटांवर आहे. आत फक्त मार्गदर्शकासोबत, छोट्या गटानं जाता येतं आणि माहिती बहुतेक वेळा स्पॅनिशमध्येच असते. तिकीट आधी ऑनलाइन काढा, कारण दिवसाच्या जागा थोड्या असतात आणि दारावर गेल्यावर मिळतीलच असं नाही. गट एका जागी फार थांबत नाही. म्हणून काय बघायचं ते ठरवूनच आत जावं.

हा मठ स्थापन केला दुसऱ्या फेलिपेच्या बहिणीनं, हुआनानं. ती पोर्तुगालच्या युवराजाची बायको. नवरा वारला, त्यानंतर काही दिवसांतच, २० जानेवारी १५५४ला मुलगा झाला, सेबास्तियाँव. काही महिन्यांत तिला कारभार बघायला स्पेनला परतावं लागलं आणि पुढे आई-मुलाची भेट कधीच झाली नाही. मुलगा मोठा होताना तिनं पाहिला तो पोर्तुगालहून येणाऱ्या चित्रांतून. दरबारी बालचित्रांमागची गरज समजून घ्यायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही. गोव्याच्या वाचकांना हा मुलगा परका नाही. १५५७मध्ये तीन वर्षांचा असताना तो राजा झाला आणि १५७८मध्ये मोरोक्कोच्या लढाईत मारला जाईपर्यंत गोव्याचा कारभार त्याच्याच नावानं चालला. गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला तेव्हा हा राजा नऊ वर्षांचा होता.

याच मठात हुआन पान्तोखा दे ला क्रूस यानं १६०२मध्ये काढलेलं इन्फान्ता आनाचं चित्र आहे. इन्फान्ता म्हणजे राजकन्या. आना सप्टेंबर १६०१मध्ये जन्मली, म्हणजे चित्रात वर्षाच्या आसपासची. या काळातल्या स्पॅनिश बालचित्रांत कमरेला जे लटकवलेलं दिसतं त्याला 'दिखेस' म्हणतात. दात येताना चावायला आणि रक्षणाला पोवळं, नजर लागू नये म्हणून काळ्या जेट दगडाची मिटलेली मूठ, घंटी, क्रूस. आपल्याकडे तान्ह्याच्या गळ्यात वाघनख, मनगटात काळे मणी आणि गालावर तीट, तसाच हा प्रकार. इथे त्याची ओळख करून घ्या. सहाव्या दिवशी हेच दागिने पुन्हा भेटणार आहेत.

दुपारचं जेवण दोनच्या आत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. शाकाहारी असाल तर 'सिन हामोन', म्हणजे डुकराचं मांस नको, एवढं सांगायला शिका. टोमॅटोच्या थंड सूपवरसुद्धा त्याचे तुकडे पेरून देतात.

मग राजवाडा. आजचा वाडा अठराव्या शतकातला आहे. ही सगळी मुलं ज्या जुन्या अल्काझार वाड्यात वाढली तो याच जागी होता आणि १७३४च्या नाताळच्या आदल्या रात्री जळला. शेकडो चित्रं गेली, बरीच चौकटीतून कापून खिडक्यांतून बाहेर टाकली म्हणून वाचली. सिंहासनाच्या दालनात चार सोनेरी सिंह आहेत, ते नीट बघा. चौथ्या फेलिपेचा दरबारी चित्रकार वेलास्केस यानं दुसऱ्या इटलीवारीत ते रोममध्ये ओतून घेतले होते, आणि परवा एका चित्रात ते टेबलाखाली दिसतील. शस्त्रागारात मुलांच्या मापाची चिलखतं आहेत. उंची बोटांनी मोजा. युवराजाला लहानपणीच सेनापती करून दाखवायचा आग्रह लोखंडात किती पुढे गेला होता, ते तिथे समोर येतं.

दुसरा दिवस, बुधवार: प्रादो, पहिली फेरी

प्रादो हे माद्रिदचं कलासंग्रहालय सोमवार ते शनिवार १० ते ८, रविवारी १० ते ७ उघडं असतं. रोज शेवटचे दोन तास प्रवेश मोफत असतो. तिकीट १५ युरो. सकाळी तिकीट काढून जावं आणि दुसऱ्या दिवशीच्या उजळणीसाठी मोफत तास वापरावेत. रांग मोठी असते, तास-पाऊण तास आधी उभं राहावं लागतं. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणूनच वही. पाठीवरची पिशवी सामानघरात ठेवावी लागते, दुर्बीण खिशात राहू द्या.

सुरुवात व्हेनिसचा चित्रकार तित्सियानो (टिशियन) याच्या मोठ्या चित्रापासून करा. दुसरा फेलिपे नागडं तान्हं मूल आकाशाकडे उचलून धरतोय, वरून विजयदेवता पामची फांदी देते, खाली बांधलेला तुर्क कैदी. लेपान्तोची आरमारी लढाई ७ ऑक्टोबर १५७१ला झाली आणि ४ डिसेंबरला इन्फान्ते, म्हणजे राजपुत्र, फेर्नान्दो जन्मला. दोन्ही शुभवार्ता एका चित्रात. तित्सियानो तेव्हा व्हेनिसमध्ये होता, त्यानं हे बाळ कधी पाहिलं नाही. ते दिसतंही. हे बाळ चर्चच्या छतावरच्या देवदूताच्या जातीचं आहे. चित्र आज ३३५ बाय २७४ सेंटीमीटर भरतं, पण मुळात ते लहान होतं. १६२५मध्ये विसेन्ते कार्दुचोनं कडेनं जोड देऊन ते मोठं केलं, कारण पाचव्या कार्लोसच्या घोड्यावरच्या चित्राला जोडी हवी होती. बाजूनं प्रकाश पडेल अशा कोनात उभं राहिलं की जोडाच्या रेषा हाताला लागतील इतक्या ठळक दिसतात. फेर्नान्दो सहा वर्षांचा असतानाच गेला.

मग सांचेस कोएल्यो या चित्रकाराचा डॉन कार्लोस, दुसऱ्या फेलिपेचा पहिला मुलगा. त्याचे खांदे सारखे नव्हते. लिंक्सच्या फराचं अस्तर असलेला आखूड झगा खांद्यावरून असा टाकलाय की दोष झाकला जावा. झग्याची घडी जिथे पडते तिथून खाली नजर नेली, तर शिंप्यानं आणि चित्रकारानं मिळून काय केलं ते उलगडतं. कपडे हा या चित्रांचा अर्धा मजकूर असतो.

यानंतर उरलेली सकाळ एकाच चित्राला द्या: घोड्यावर बसलेला बाल्तासार कार्लोस, वेलास्केस, सुमारे १६३४-३५, २११.५ बाय १७७ सेंटीमीटर.

बहुतेक लोक समोर उभे राहतात, घोड्याचं पोट पिंपासारखं फुगलंय म्हणतात, आणि पुढे जातात. दोष उभं राहण्याच्या जागेचा आहे. हे चित्र बुएन रेतिरो वाड्याच्या राज्य-दालनात दाराच्या वर टांगलेलं होतं, एका बाजूला बापाचं घोड्यावरचं चित्र, दुसऱ्या बाजूला आईचं. बघणारा दाराकडे चालत येणार आणि मान वर करून बघणार, हे धरून वेलास्केसनं घोडा काढलाय. म्हणून असं करा. आधी सात-आठ पावलं मागे जा. मग जवळ या, एक गुडघा टेका किंवा निदान बसल्यासारखे वाका, आणि किंचित डावीकडून वर बघा. पोट आक्रसतं, घोड्याची छाती पुढे येते आणि टापा डोक्यावरून जातायत असं वाटतं. भोवतीचे लोक बघतात, बघू देत.

उजव्या हातातली काठी ही सेनापतीची. पाच वर्षांच्या पोराच्या हातात तीच काठी, कमरेला तलवार, अंगावर पट्टा, आणि घोडा पुढचे पाय उचलून उभा. ही सगळी चिन्हं बापाच्या चित्रातही आहेत, फक्त इथे ती लहान मापात आली आहेत. वंश पुढे चालणार, हे दाराच्या माथ्यावर लिहिल्यासारखं होतं.

आता दुर्बीण काढा. मागचा डोंगर ग्वादार्रामाचा, ला मालिसिओसाचं शिखर बर्फानं पांढरं. तिथे रंग इतका पातळ आहे की कापडाची वीण दिसते. इटलीहून परतल्यावर वेलास्केस कॅनव्हासवर आधी शिशाच्या पांढऱ्याचा फिकट थर लांब सुरीनं पसरायचा. त्या सुरीचे अर्धगोल फटकारे क्ष-किरण चित्रांत दिसतात. त्यावर निळा-हिरवा रंग पाण्यासारखा फिरवला, की खालचा उजेड वर येतो, आणि डोंगरावरची हिवाळ्यातली हवा मिळते. जाड रंग फक्त दोनतीन ठिकाणी, पट्ट्याच्या टोकांवर आणि जाकिटाच्या सोनेरी भरतकामावर. भरतकाम म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे सुटे ठिपके आणि फराटे आहेत. अर्ध्या मीटरवरून त्यांचा काही अर्थ लागत नाही, तीन मीटरवर कलाबतू चमकायला लागते. चेहऱ्यावर मात्र एकही फराटा सुटा नाही. गालाची कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही.

शेजारच्या राजाच्या चित्रात घोड्याच्या मागच्या पायांजवळ आणखी पायांची भुतं दिसतात. वेलास्केसनं जागा बदलून जुने पाय झाकले होते. शिशाचा पांढरा रंग तेलात शतकानुशतकं राहिला की पारदर्शक होत जातो आणि खालचं वर येतं. छपाईत हे दिसत नाही, इथे दिसतं.

संध्याकाळी प्रादोच्या मागेच असलेलं सान हेरोनिमो चर्च बघा. ७ मार्च १६३२ला, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या बाल्तासार कार्लोसला, इथेच वारस म्हणून शपथपूर्वक मान्यता दिली गेली. तिथून चार पावलांवर राज्य-दालनाची इमारत आहे. नूतनीकरणाचं काम लांबलंय, तेव्हा आत जाता येईल असं धरून चालू नका. बाहेरून लांबी डोळ्यांत घ्या, आतलं दालन सुमारे ३४ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. छताखाली साम्राज्यातल्या २४ राज्यांची चिन्हं रंगवलेली होती, त्यांत पोर्तुगालचंही. १५८० ते १६४० पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे होतं. त्यामुळे घोड्यावरचा हा पोरगा १६४०पर्यंत, कागदोपत्री तरी, गोव्याचाही युवराज होता.

तिसरा दिवस, गुरुवार: प्रादो, दुसरी फेरी

पहिलं चित्र शिकारी वेषातल्या बाल्तासार कार्लोसचं, १९१ बाय १०३ सेंटीमीटर. शेजारी बापाचं आणि काकाचं शिकारी चित्र, तिन्हींची उंची जवळपास सारखी. तिन्ही एल पार्दोच्या रानातल्या तोर्रे दे ला पारादा या शिकारवाड्यासाठी काढलेली. इथे युवराजाचा थाट नाही, घरचा माणूस घरी आल्यासारखा उभा आहे. बंदूक त्याच्या मापाची. खाली लॅटिनमध्ये वयाचा उल्लेख आहे, 'आन्नो एतातिस सुए सहा'. याचा शब्दशः अर्थ वयाच्या सहाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसं, पाच पूर्ण, सहावं लागलं. या लेखनाकडे बघून सहा पूर्ण धरलं की सगळा हिशेब वर्षानं चुकतो. चित्रकारही दर वेळी काटेकोर नसत, म्हणून चित्राला १६३५-३६ अशी तारीख दिली जाते.

उजव्या कडेला बारीक शिकारी कुत्र्याचं नुसतं पुढचं अंग दिसतं. वेलास्केसची ही रचना नाही. कॅनव्हास त्या बाजूनं कापला गेलाय, जुन्या प्रतींमध्ये ती बाजू पूर्ण दिसते. डावीकडचा मोठा कुत्रा झोपलाय, आणि त्याच्या डोक्याचा भार जमिनीवर कसा पडलाय ते बघण्यात पाच मिनिटं सहज जातात.

मग बारा नंबरचं दालन, वेलास्केसचं 'लास मेनिनास' (राजकन्येच्या सख्या), १६५६, ३२०.५ बाय २८१.५ सेंटीमीटर. सकाळी दहाला थेट इथे आलात तर पहिली दहा-पंधरा मिनिटं तुलनेनं मोकळी मिळतात. अकरानंतर गटांच्या डोक्यांवरून बघावं लागतं. या चित्रावर इतकं लिहिलं गेलंय की आम्ही फक्त वारसाच्या बाजूनं बोलतो.

चित्रातली खोली जुन्या अल्काझारमधली, 'युवराजाची खोली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातली. म्हणजे बाल्तासार कार्लोसची. तो १६४६मध्ये झारागोझाला, सोळा पूर्ण झालेले आणि सतरावा वाढदिवस आठ दिवसांवर असताना गेला. त्याच्याशी लग्न ठरलेली ऑस्ट्रियाची मारियाना, जी त्याची आतेबहीण, तिचं लग्न मग त्याच्या बापाशी, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाशी झालं. मधोमध उभी पाच वर्षांची मार्गारिता ही त्या लग्नाची मुलगी. मेलेल्या युवराजाच्या खोलीत, मुलगा अजून झालेला नाही अशा काळात, ही मुलगी उभी आहे. तिची सावत्र बहीण मारिया तेरेसा तेव्हा वारस होती आणि ती या चित्रात नाही. मागच्या आरशात राजाराणी धूसर. १६६६च्या यादीत या चित्राला सम्राज्ञीचं तिच्या सख्यांसह आणि एका बुटक्या बाईसह चित्र म्हटलंय, कारण तोवर मार्गारिताचं लग्न, वराच्या गैरहजेरीत प्रतिनिधीमार्फत, सम्राटाशी लागलं होतं. 'लास मेनिनास' हे नाव १८४३च्या सूचीतलं.

कॅनव्हास तीन उभ्या पट्ट्या शिवून केलेला आहे. मागाच्या रुंदीपेक्षा मोठं कापड हवं असलं की शिवणं भागच होतं. दुर्बिणीतून शिवणी शोधा, त्या चेहऱ्यांवर येणार नाहीत अशी काळजी घेतलेली दिसेल. मग मार्गारिताच्या बाहीकडे या. बाहीवरची राखाडी-काळी नक्षी ओल्या रंगावर ओला रंग टेकवून केलीय, हात थांबलेला नाही. सखीच्या तबकातली लाल मातीची सुगडी म्हणजे सुवासिक पाण्याचं भांडं, ती तीनचार फटक्यांत उभी राहिलीय.

दुपारनंतर दोनच गोष्टी. वेलास्केसचा जावई हुआन बाउतिस्ता मार्तीनेस देल मासो यानं १६६६मध्ये काढलेली सुतकातली मार्गारिता, बाप सप्टेंबर १६६५मध्ये गेल्यावरची. ती व्हिएन्नाला निघण्याआधीचं हे चित्र आहे, मागे लहानगा कार्लोस दिसतो. दुसरी म्हणजे दरबारी चित्रकार कार्रेन्यो यानं काढलेला दुसरा कार्लोस, आरशांच्या दालनात, सोनेरी सिंहांच्या टेबलाशी. हे तेच सिंह. कार्रेन्योच्या कार्यशाळेत एक रचना ठरली की ती वर्षानुवर्षं चाले. अंगरखा, टेबल, पडदा, आरसे तसेच, फक्त चेहरा आणि उंची त्या त्या वर्षाची. यातली १६७१ची प्रत ओव्हिएदोला आहे, त्यात मुलगा दहा वर्षांचा आहे. ज्या दरबाराला अनेक ठिकाणी चित्रं पाठवायची असत, त्याला ही पद्धत सोयीची होती. चेहऱ्यासाठी मुलाला थोडाच वेळ उभं करायचं, कपडे नंतर रिकामे रंगवायचे.

चौथा दिवस, शुक्रवार: एल एस्कोरियाल

मोंक्लोआहून ६६१ किंवा ६६४ नंबरची बस घ्या, ती गावात मठाच्या जवळ सोडते. रेल्वेनं गेलं तर स्टेशनापासून चढ चालावा लागतो. वाटेत उजव्या खिडकीत बसा, बुधवारच्या चित्रातले डोंगर दिसतात, आणि हिवाळ्यात गेलात तर बर्फासकट. रंगांचं प्रमाण ताडून बघायला हीच जागा.

राजांचं तळघर वेगळं आणि जे राजे झाले नाहीत त्यांचं वेगळं. लहान मुलांसाठी पांढऱ्या संगमरवराची एक अनेककोनी समाधी आहे, केकसारखी, ६० कप्प्यांची. कार्डावरच्या तारखा हातात घेऊन उभं राहिलं, की चित्रांची घाई का होती ते निराळं सांगावं लागत नाही. दुपारी परत.

पाचवा दिवस, शनिवार: व्हिएन्ना

थेट विमान तीन तासांचं. विमानतळावरून एस-७ लोकल स्वस्त आणि पुरेशी जलद. पोचल्यावर नॉयर मार्क्ट चौकातल्या कापुचिन तळघरात जा, ते संध्याकाळी सहापर्यंत उघडं असतं. मार्गारिताची शवपेटी इथे आहे. डिसेंबर १६६६मध्ये व्हिएन्नात तिचं प्रत्यक्ष लग्न झालं सम्राट पहिल्या लिओपोल्डशी, तो तिचा सख्खा मामा. १२ मार्च १६७३ला एकवीस वर्षांची असताना ती गेली, मुलांपैकी एक मुलगी तेवढी जगली. आजचा दिवस एवढाच. झोप पुरी करा, उद्या डोळे ताजे हवेत.

सहावा दिवस, रविवार: कलासंग्रहालय

यू-३ मेट्रोनं फोल्क्सथिएटरला उतरा. संग्रहालय १० ते ६. चित्रं पहिल्या मजल्यावर, इटालियन-स्पॅनिश बाजूला. फ्लॅशशिवाय फोटो चालतात. वरून येणारा दिवसाचा उजेड आहे, त्यामुळे सकाळी उशिरा ते दुपारी दोन ही वेळ साधा. हिवाळ्यात चारनंतर गडद भाग मिटून जातात.

चित्रं पाठवलेल्या क्रमानं बघा. आधी मारिया तेरेसा, १६५२-५३, कमरेच्या घेरावर फितींना दोन घड्याळं लटकलेली. बाल्तासार कार्लोस गेल्यापासून फेलिपे प्रोस्पेरो जन्मेपर्यंत तीच वारस होती, आणि तिचा हात मागणारे अनेक होते. हे चित्र स्थळाच्या पत्रिकेसारखं आहे.

मग मार्गारिता तीनदा. १६५३-५४, गुलाबी पोशाख, दोन-अडीच वर्षांची, गालिच्यावर, शेजारी काचेच्या भांड्यात फुलं. १६५६, पांढरा पोशाख, 'लास मेनिनास'च्याच वेळची. १६५९, निळा पोशाख, आठ वर्षांची, १२७ बाय १०७ सेंटीमीटर. पहिल्या चित्रात हात टेबलावर आधाराला टेकलेला, तिसऱ्यात दोन्ही हात घेराच्या रुंदीमुळे लांब ठेवावे लागलेले. घेर म्हणजे 'ग्वार्दाइन्फान्ते', आतून सांगाडा लावलेला. निळ्या पोशाखावरचे चंदेरी पट्टे अर्ध्या मीटरवरून बघा: राखाडीवर पांढऱ्याचे तुटक, तिरके, कुठे कोरड्या ब्रशचे फटके. कापडाचा धागा एकही रंगवलेला नाही. तिथून न वळता सहा पावलं मागे जा. तिसऱ्या-चौथ्या पावलाला रेशीम जुळून येतं. डाव्या हातातलं तपकिरी फर मात्र जवळूनही मऊच राहतं, कारण तिथे कडा ओल्यात ओल्या मिसळल्यात.

फेलिपे प्रोस्पेरोला शेवटी ठेवा. १६५९, १२८.५ बाय ९९.५ सेंटीमीटर, वय दीड-दोन वर्षं. त्या काळात अगदी लहान मुलगेही झबलं-परकरच घालत, तेव्हा मुलगी समजू नका. लालसर पोशाखावर पारदर्शक पांढरं एप्रन, आणि त्या एप्रनवर पहिल्या दिवशीचे दिखेस: घंटी, काळी मूठ, सुगंधी द्रव्याचा गोळा. एप्रन कसं केलंय ते पाहण्यासारखं आहे. खालचा लाल वाळू दिला, मग त्यावर पांढरा अगदी पातळ, घड्यांच्या कडेलाच थोडा दाट. दागिने त्या पांढऱ्यावर नंतर बसवले. घंटीवर उजेडाचा एकच ठिपका आहे.

चेहऱ्यावर रंग कमी आहे. भोवती इतका लाल असताना गाल आणि हात मेणासारखे. प्रतींच्या छपाईत गाल गुलाबी होतात आणि चित्राचा जीवच जातो, म्हणून इथे येणं आवश्यक. उजवा हात छोट्या लाल खुर्चीच्या पाठीवर टेकवलाय. बोटांनी पकड घेतलेली नाही, ती नुसती ठेवलीत. बसून बघा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग मागे उजवीकडे स्टुलावरची पांढऱ्या पिसाची टोपी दिसते आणि त्यामागे अर्धवट उजळलेलं दार.

जाता जाता मासोनं काढलेलं स्वतःच्या कुटुंबाचं चित्र चुकवू नका. मागच्या खोलीत एक चित्रकार पाठमोरा उभा राहून इन्फान्ता मार्गारिताचं चित्र रंगवतोय, आणि एक लहान मूल त्याच्याकडे निघालंय. ही सगळी चित्रं जिथे तयार झाली, तशी कार्यशाळा दाखवणारं हे चित्र आहे. ते बघून पुन्हा एकदा युवराजाकडे या आणि आता फक्त खुर्चीवरचा कुत्रा बघा. पांढरं अंग, एक कान लाल पाठीवर, खुर्चीच्या हातावर टाकलेली हनुवटी, ओले डोळे. डोळा म्हणजे काळा ठिपका आणि त्यात पांढऱ्याचा कण. वेलास्केसचा हा आवडता कुत्रा होता असं त्याच्या चरित्रकारानं, पालोमिनोनं लिहून ठेवलंय. पोरगं समोर कुठेतरी बघतंय. कुत्रा मात्र थेट तुमच्याकडे बघतो.